बालसंगोपनाचा पैसा : येतो कुठून, अडतो कुठे?

घरातला कमावता माणूस गेला, की मुलांच्या शाळेचा प्रश्न पहिल्या महिन्यातच उभा राहतो. आई धुण्याभांड्यांची कामे धरते, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी शाळेला दांडी मारू लागते आणि एखाद्या मुलाला 'बोर्डिंगात घालून टाक' असा सल्ला शेजारीपाजारी देऊ लागतात. हे 'बोर्डिंग' म्हणजे बहुधा बालगृह असते. ज्याची आई जिवंत आहे, जिला ते मूल हवे आहे, असे मूल केवळ घरात पैसा नाही म्हणून संस्थेत दाखल होते. हे होऊ नये, मुलाला घरातच ठेवावे आणि त्याच्या खर्चाचा काही भार शासनाने उचलावा, हे तत्त्व आता कायद्याने मान्य केले आहे. मूल संस्थेत पाठविणे हा शेवटचाच उपाय असावा, असे २०१५ चा बाल न्याय अधिनियम स्पष्ट शब्दांत सांगतो.

तत्त्व मान्य झाले तरी त्यामागे पैसा उभा करावा लागतो. तो किती असावा, कोणी द्यावा आणि कोणाच्या हातून मुलापर्यंत पोहोचावा, यावर त्या तत्त्वाचे भवितव्य ठरते. महाराष्ट्रात हा पैसा मुख्यतः बालसंगोपन योजनेतून आणि केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मधून येतो. दत्तक घेणाऱ्या कुटुंबांचा हिशेब मात्र अगदी वेगळा आहे.

तीन वाटा, तीन अर्थ

बोलीभाषेत 'मूल सांभाळायला घेणे' आणि 'मूल दत्तक घेणे' यांत फारसा भेद केला जात नाही. कायद्यात मात्र तीन स्वतंत्र वाटा आहेत.

पहिली वाट प्रायोजकत्वाची. मूल आपल्याच घरी, आपल्याच आई, वडील वा आजी-आजोबांकडे राहते; शासन फक्त त्याच्या शिक्षण, आहार व औषधोपचारासाठी दरमहा ठरावीक रक्कम देते. अधिनियमाच्या ४५ व्या कलमात ही तरतूद आहे.

दुसरी वाट प्रतिपालकत्वाची. स्वतःच्या घरी राहणे शक्य नसलेले मूल काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे सोपविले जाते. हे कुटुंब मुलाचे जन्मदाते किंवा दत्तक पालक नसते. मुलाचे नाव, वारसा आणि जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते बदलत नाही. कुटुंबाची निवड त्याची क्षमता, इच्छा आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहून करावी, सख्ख्या भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, असे ४४ वे कलम म्हणते. अशा कुटुंबाला राज्य शासनाने जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत दरमहा निधी द्यावा, हेही त्याच कलमात नमूद आहे.

तिसरी वाट दत्तकाची. येथे नाते कायमचे बदलते. दत्तक मूल हे सर्व अर्थांनी त्या घरचे अपत्य होते आणि जन्मदात्यांशी असलेला त्याचा कायदेशीर संबंध संपतो. जे मूल दत्तक देण्यायोग्य आहे, त्याला दीर्घकालीन प्रतिपालकत्वात ठेवता येत नाही, असा दंडक कायद्याने घातला आहे. कायमचे घर मिळू शकणाऱ्या मुलाला तात्पुरत्या घरात अडकवून ठेवू नये, हा त्यामागील हेतू.

गादीच्या वारसापासून मुलाच्या हितापर्यंत

मराठी माणसाला दत्तक हा शब्द शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून परिचित आहे. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये आणि झाशीचे राज्य त्यानंतर काही वर्षांत, दत्तक नामंजूर करून खालसा करण्यात आले. त्या काळी दत्तक घेतला जाई तो गादीसाठी, वतनासाठी, पिंडदानासाठी. मुलाला घर हवे म्हणून दत्तक, हा विचार दुर्मीळ होता. पण तो अगदीच नव्हता असे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. संकटात सापडलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, या दाम्पत्याने पुढे दत्तक घेतले. तोच यशवंत डॉक्टर झाला. रक्ताचे, जातीचे वा इस्टेटीचे कोणतेही गणित त्यामागे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला. तो हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. अन्य धर्मीयांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. मूल कायद्याने त्यांचे अपत्य होत नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात परदेशी दत्तकाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यातूनच १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचा, म्हणजे 'कारा'चा पाया घातला गेला. बाल न्याय कायदा २००० मध्ये आला आणि २००६ च्या दुरुस्तीने त्याखालील दत्तकाची व्याख्या स्पष्ट झाली. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात अधोरेखित केले.

चारशे पंचवीस ते दोन हजार दोनशे पन्नास

केंद्राने एकात्मिक बाल संरक्षण योजना २००९ मध्ये सुरू केली. त्याच्या आधीपासून महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजना होती. कुटुंबाच्या आधाराला मुकलेल्या मुलाला पर्यायी कुटुंब मिळवून द्यावे, त्या कुटुंबाला अनुदान द्यावे आणि स्वयंसेवी संस्थेने घरी जाऊन देखरेख ठेवावी, अशी तिची मूळ रचना. म्हणजे कल्पना प्रतिपालकत्वाची होती. प्रत्यक्षात मात्र लाभार्थींमध्ये मोठा भरणा झाला तो आईजवळ किंवा आजीजवळ राहणाऱ्या मुलांचा. परक्या घरी मूल ठेवण्यापेक्षा स्वतःच्या मोडकळीला आलेल्या घराला टेकू देणे, हेच या योजनेचे खरे काम होऊन बसले.

दीर्घकाळ या योजनेतील अनुदान महिन्याला ४२५ रुपये होते. दिवसाला चौदा रुपये आणि वर काही पैसे. देखरेख करणाऱ्या संस्थेला प्रत्येक मुलामागे ७५ रुपये मिळत. या रकमेत वाढत्या वयाच्या मुलाचा दूध-भाताचाही खर्च भागणे अशक्य होते. करोनाच्या साथीने २०२१ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आणला. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने त्या वर्षी जूनमध्ये घेतला. एक पालक गमावलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेत सामावून घेण्यात आले आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमण्यात आले. अनुदान ४२५ वरून ११०० रुपयांवर गेले. पुढे २०२३ मध्ये ते २२५० रुपये करण्यात आले, संस्थेचा वाटा २५० रुपये झाला आणि योजनेला 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' हे नाव देण्यात आले.

दिवसाला ७५ रुपये ही रक्कम शहरातील वाचकाला क्षुल्लक वाटेल. ज्या घरात महिन्याचे उत्पन्न पाच-सहा हजारांच्या आसपास आहे, तेथे तिचे मोल निराळे असते. दोन मुलांचे साडेचार हजार रुपये म्हणजे खोलीचे भाडे, किंवा शाळेची बस आणि वह्या-पुस्तके. मुलगी शाळेत राहील की कामाला जाईल, याचा निकाल अनेकदा तेवढ्याच रकमेवर लागतो.

केंद्राचे चार हजार

केंद्राच्या बाल संरक्षण योजनेचे 'मिशन वात्सल्य' असे नामांतर झाले आणि तिच्या नव्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये जारी झाल्या. त्यानुसार प्रायोजकत्व, प्रतिपालकत्व आणि अनुरक्षणोत्तर सेवा या तिन्हींसाठी प्रत्येक मुलामागे दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. पूर्वी ही रक्कम २००० रुपये होती. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० व १० असे आहे.

प्रायोजकत्वासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२ हजार, तर इतरत्र ९६ हजार रुपये आहे. म्हणजे शहरात महिन्याला आठ हजारांपेक्षा अधिक मिळविणारी विधवा आई या योजनेच्या कक्षेबाहेर जाते. शिवाय वर्षाला मंजूर झालेल्या आराखड्यातील संख्येपुरताच निधी मिळत असल्याने पात्र असणे आणि लाभ मिळणे या दोन गोष्टी एक नाहीत. त्यामुळे एकाच चाळीत, सारख्याच परिस्थितीतील दोन मुलांपैकी एकाला महिन्याला चार हजार आणि दुसऱ्याला २२५० रुपये, असे चित्र दिसू शकते. यात अन्याय हेतुपुरस्सर नाही. दोन सरकारांच्या दोन योजना शेजारी शेजारी चालण्याचा तो परिणाम आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाली, की बालसंगोपनाचे अनुदान थांबते. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या युवकांना अनुरक्षणोत्तर सेवेखाली वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, अपवादात्मक स्थितीत २३ व्या वर्षापर्यंत मदत मिळू शकते. अनाथ मुलांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१८ मध्ये घेतला.

अर्ज कोण करू शकतो?

बालसंगोपन योजनेसाठी वयाची अट अठरा वर्षांपर्यंतची. अनाथ मुले, आई किंवा वडील गमावलेली मुले, घटस्फोट वा परित्यक्त अवस्थेमुळे एकाच पालकाकडे असलेली मुले, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले किंवा तुरुंगात असलेली मुले, एचआयव्हीबाधित मुले, अशा अनेक गटांचा त्यात समावेश होतो. दारिद्र्य एवढाच निकष नाही. कुटुंबावर आलेले संकट हा मुख्य निकष आहे.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात विनामूल्य दिला जातो. मुलाचे व पालकाचे आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला, मृत पालकाचा मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, बँक पासबुकाची प्रत आणि छायाचित्रे ही नेहमीची कागदपत्रे. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी जाऊन पाहणी करतो व अहवाल तयार करतो. तो अहवाल आणि मूल, दोन्ही बालकल्याण समितीपुढे जातात. समितीने आदेश दिला, की अनुदान सुरू होण्याचा मार्ग मोकळा होतो.

बालकल्याण समिती हे या साऱ्या साखळीतील कळीचे स्थान. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असून त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. प्रकरणाचा अंतिम निपटारा करताना किमान तीन सदस्य हजर असावेत, असे कायदा सांगतो. सदस्यांचा कार्यकाळ तीन वर्षांपेक्षा अधिक नसतो. मुदत संपली आणि नव्या नेमणुका लांबल्या, तर शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार जातो आणि आईला मुलांना घेऊन एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात खेटे घालावे लागतात. रोजंदारीवरील बाईसाठी असा प्रत्येक खेटा म्हणजे एक बुडालेला दिवस.

पैसा अडतो कुठे?

राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद होते, तेथून निधी मंत्रालयातून पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयाकडे, आयुक्तालयातून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याच्या कोषागारातून लाभार्थीच्या बँक खात्याकडे असा उतरत जातो. या मार्गावर थांबे अनेक आहेत. अर्ज अपेक्षेपेक्षा अधिक आले, तर मूळ तरतूद वर्ष संपण्याआधीच संपते आणि पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते. जिल्ह्याला आलेली रक्कम सर्व मुलांना पुरत नसेल, तर काहींचे हप्ते पुढे ढकलले जातात. खाते आधारशी जोडलेले नसणे, नावातील एका वेलांटीचा फरक, शाखा बदलल्याने बदललेला बँकेचा संकेतांक, अशा किरकोळ कारणांनीही पैसे परत जातात.

याचा परिणाम असा, की 'दरमहा' म्हटलेले अनुदान अनेकदा सहा महिन्यांनी, कधी वर्षाने एकरकमी जमा होते. हिशेबाच्या दृष्टीने रक्कम तीच असते. घराच्या दृष्टीने ती तशी नसते. महिन्याच्या महिन्याला आलेले २२५० रुपये किराणा आणि शाळेवर खर्च होतात. वर्षाने आलेले २७ हजार रुपये बहुधा आधी झालेल्या उसनवारीची परतफेड करण्यात जातात. सावकाराचे व्याज मधल्या काळात वाढलेले असते. संगोपनासाठी दिलेली मदत अशा वेळी कर्जफेडीची मदत होऊन बसते. अनुदानाच्या रकमेवर विधिमंडळात चर्चा होते, घोषणा होतात. ते कोणत्या तारखेला खात्यात पडावे, यावर तितकी चर्चा होत नाही.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते बहुतांशी कंत्राटी पद्धतीवर काम करतात. संपूर्ण जिल्ह्यातील गृहभेटी, बालविवाह रोखणे, हरविलेल्या मुलांचा शोध, संस्थांची तपासणी हे सारे त्याच मोजक्या माणसांच्या वाट्याला येते. प्रतिपालक कुटुंबाची दरमहा तपासणी व्हावी, असे कायदा म्हणतो. परक्या घरात ठेवलेल्या मुलाशी तेथे कसे वागतात, त्याला घरकामाला जुंपले जात नाही ना, हे पाहण्याचा तो एकमेव खात्रीचा मार्ग आहे. तपासणीला माणूसच नसेल, तर प्रतिपालकत्वाचे आदेश देण्यास समित्या कचरतात, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. परक्या कुटुंबातील प्रतिपालकत्व महाराष्ट्रात फारसे रुजले नाही, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

केंद्राने २०२४ मध्ये प्रतिपालकत्वाच्या आदर्श मार्गदर्शक सूचना सुधारल्या. एकट्या व्यक्तींनाही, म्हणजे अविवाहित, विधवा, घटस्फोटित वा विभक्त व्यक्तींनाही, आता मूल सांभाळण्यास घेता येते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच सोपविता येतो. मूल दोन वर्षे त्या कुटुंबात राहिल्यानंतर ते कुटुंब त्याला दत्तक घेण्याचा विचार करू शकते. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. संस्थांमध्ये वाढणाऱ्या, सहा वर्षांवरील मुलांना यामुळे घर मिळण्याची शक्यता वाढली आहे.

ग्रामपंचायत आणि महापालिका कुठे आहेत?

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याचे जे विषय दिले आहेत, त्यांत महिला व बालविकास हा विषय आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा नियम आहे. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीसाठीही स्वउत्पन्नातून अशीच तरतूद केली जाते. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतील तीन टक्के रक्कम महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचा निर्णयही राज्याने घेतलेला आहे.

असे असूनही बालसंगोपनाचा पैसा या संस्थांच्या हातून जात नाही. तो राज्य शासनाच्या जिल्हा कार्यालयातून जातो. जिल्हा परिषदेचा निधी शिलाई यंत्रे, सायकली, प्रशिक्षण वर्ग आणि अंगणवाड्यांच्या साहित्याकडे वळतो. या वस्तूंची गरज नाही असे नव्हे. पण गावात कोणते घर मोडले, कोणाची आजी एकटीने तीन नातवंडे सांभाळते, कोणत्या मुलाने दिवाळीनंतर शाळेत पाऊल टाकलेले नाही, हे सर्वांत आधी कळते ते ग्रामपंचायतीला, अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असावी, अशी व्यवस्था कागदावर आहे. ही समिती जिथे जिवंत आहे, तिथे अर्ज वेळेत जिल्ह्याला पोहोचतात. जिथे ती केवळ फलकापुरती आहे, तिथे योजनेची माहिती आईला वर्षा-दोन वर्षांनी, कोणाच्या तरी तोंडून कळते.

शहरांची अवस्था याहून बिकट आहे. महापालिकांमध्ये महिला व बालकल्याण समित्या आहेत, त्यांना अंदाजपत्रकात तरतूद आहे. तथापि भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्या कुटुंबाचा माग ठेवणारी यंत्रणा प्रभाग पातळीवर क्वचितच आढळते. राज्याचे अनुदान थकलेल्या महिन्यांत मुलाच्या शाळेचा वा औषधाचा खर्च भागविणारा छोटा फिरता निधी जिल्हा परिषदेने किंवा महापालिकेने ठेवला आणि अनुदान आल्यावर तो भरून काढला, तर कायद्यात कोणताही मोठा बदल न करता बराच प्रश्न सुटू शकतो. राज्याने बाल न्याय निधी उभारावा, अशी मुभा कायद्याच्या १०५ व्या कलमात आहेच.

दत्तक : मदत नव्हे, शुल्क

प्रतिपालक कुटुंबाला शासन पैसे देते. दत्तक कुटुंब शासनमान्य संस्थेला पैसे देते. 'कारा'च्या २०२२ च्या विनियमांनुसार देशांतर्गत दत्तकासाठी नोंदणी व गृह अभ्यास अहवालाचे सहा हजार रुपये, बाल देखभाल निधीपोटी पन्नास हजार रुपये आणि दत्तकानंतरच्या प्रत्येक पाठपुरावा भेटीचे दोन हजार रुपये असे शुल्क आहे. पाठपुरावा दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी होतो. सारे धरून खर्च चौसष्ट हजारांच्या घरात जातो. या पैशातून संस्थेतील इतर मुलांची देखभाल व्हावी, हा हेतू रास्त आहे. शुल्क ठरावीक असल्याने 'देणगी'च्या नावाखाली होणाऱ्या सौदेबाजीलाही आळा बसतो.

मूल दत्तक देण्यायोग्य ठरविण्याची मुदतही कायद्याने आखून दिली आहे. बेवारस वा अनाथ मूल दोन वर्षांच्या आतील असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत समितीने निर्णय घ्यावयाचा असतो. पालकांनी स्वतःहून मूल सोपविले असेल, तर त्यांना पुनर्विचारासाठी साठ दिवसांचा अवधी मिळतो. देशात २०२४-२५ या वर्षात ४५१५ दत्तक विधाने झाली आणि त्यांपैकी ४१५५ देशांतर्गत होती. देशांतर्गत दत्तकात महाराष्ट्र सातत्याने आघाडीवर राहिला आहे. २०१८-१९ मध्ये राज्यात ८४५ मुलांना दत्तक घर मिळाले होते.

प्रश्न उरतो तो मोठ्या, आजारी किंवा अपंग मुलांचा आणि भावंडांच्या जोड्यांचा. निरोगी तान्ह्या बाळासाठी जोडपी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबतात. विशेष गरजा असलेल्या मुलांना मात्र देशात कुटुंब मिळणे कठीण जाते आणि त्यांतील अनेक मुले परदेशी जातात. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा वर्षानुवर्षे लागणारी वाचा व भौतिक उपचारपद्धती यांचा खर्च दत्तक पालकांनी स्वतः सोसायचा असतो. इच्छा असलेले मध्यमवर्गीय कुटुंब येथेच मागे सरते.

अमेरिकेने याच प्रश्नावर १९८० मध्ये कायदा केला. वय, अपंगत्व, वांशिक पार्श्वभूमी किंवा भावंडांचा गट अशा कारणांनी ज्या मुलाला सहज घर मिळत नाही, त्याला दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला दरमहा साहाय्य देण्यात येऊ लागले. खर्चाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग संघ सरकार उचलते, उरलेला राज्ये आणि काही ठिकाणी काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखी स्थानिक सरकारे भरतात. कॅलिफोर्नियाने तर २०११ मध्ये प्रतिपालकत्व व दत्तक साहाय्याची आर्थिक जबाबदारी काउंट्यांकडे सोपविली आणि त्यासाठी विक्रीकराचा ठरावीक हिस्सा त्यांना तोडून दिला. तेथे दत्तक साहाय्याची रक्कम प्रतिपालकत्वाच्या रकमेपेक्षा अधिक असू शकत नाही. पण दत्तक घेताच मदत बंद, असेही होत नाही. आपल्याकडे मात्र प्रतिपालकत्वात दरमहा मदत मिळणाऱ्या मुलाला त्याच कुटुंबाने दत्तक घेतले, तर मदत थांबते. कायमचे नाते जोडणाऱ्याला हा एक प्रकारचा भुर्दंडच आहे.

नाव सावित्रीबाईंचे

योजनेला दिलेले नाव सर्वस्वी उचित आहे. सावित्रीबाई स्वतः दत्तक माता होत्या. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा डॉक्टर यशवंत यांनी सुरू केलेल्या दवाखान्यात प्लेगग्रस्त मुलाला पोहोचविताना त्यांना संसर्ग झाला आणि त्याच वर्षी १० मार्चला त्यांचा मृत्यू झाला. ज्या मुलाला समाजाने जन्मापूर्वीच नाकारले असते, तो पुढे समाजाची शुश्रूषा करणारा झाला, हे त्या घराने करून दाखविले.

त्या नावाला साजेसे काम करावयाचे, तर योजनेपुढील गरजा फार मोठ्या नाहीत. अनुदान महिन्याच्या ठरावीक तारखेला जमा व्हावे. बालकल्याण समित्यांची पदे रिकामी राहू नयेत. केंद्र व राज्याच्या रकमांमधील तफावत भरून निघावी. विशेष गरजा असलेल्या मुलाला दत्तक घेणाऱ्या कुटुंबाची मदत दत्तक आदेशाबरोबर संपू नये. आणि गावाच्या व प्रभागाच्या पातळीवर अशा मुलांची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणावर तरी असावी. मूल घरात ठेवायचे की संस्थेत, हा निर्णय कायद्याने घेतलेला आहे. आता उशीर होतो आहे तो पैसा घरापर्यंत पोहोचण्यात, आणि वाढत्या मुलाचे वय त्या हप्त्यासाठी थांबत नाही.